हयात नाही

धाकटीने मेणाची पट्टी दिव्याच्या ज्योतीवर धरली, मऊ झाल्यावर घोड्याच्या नालासारखी वाकवली आणि समोरच्या खुर्चीत बसलेल्या आईला म्हणाली, "आ कर."

⁂

थोरलीने आपल्या मुलांना तान्हेपणी कधी शेजारी घेऊन झोपवलं नाही. त्यांना वेगळा पाळणा, पाळण्यात छातीपर्यंतच येईल एवढी पातळ चादर, आणि तीही दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचलेली. सासरचे म्हणत, बाई शिस्तीची आहे. नवरा म्हणे, "अगं, बाळ आहे ते, पार्सल नाही." थोरली हसायची आणि चादर पुन्हा एकदा तपासायची.

⁂

घराण्याच्या वंशवृक्षाचा, म्हणजे संगणकावरच्या झाडाचा, नियम असा: जो जिवंत आहे त्याची चौकट करडी. तिच्यावर 'हयात व्यक्ती' एवढंच दिसतं. नाव नाही, जन्म नाही, कागद नाहीत. जो गेला त्याची चौकट पांढरी. पांढरी चौकट कुणीही उघडावी.

⁂

दोघी बहिणींच्या चुलतभावाला घराण्यात सगळे रेडिओ म्हणतात. तोंडावरसुद्धा. त्याला ते आवडतं.

⁂

"शहाणी गं माझी ती." आई हे धाकटीला उठताबसता म्हणायची. भांडं विसळलं तरी शहाणी, दार लावलं तरी शहाणी. थोरलीला कधी म्हणायची नाही. धाकटीला लहानपणी याचा फार तोरा होता.

⁂

आई गेली तेव्हा तिची कवळी वाटीत होती, पाण्यात. उशाशी. कुणीतरी वाटी उचलून मोरीत ओतायला निघालं होतं, ती धाकटीने झडप घालून घेतली.

⁂

धाकटी कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर माप पाठवत आणि ती त्यावरून साचा ओते, मेणात दात रोवे, घासूनपुसून चकचकीत करून परत धाडे. राहत्या घराच्या मागच्या बाजूला तिची कामाची खोली होती. खिडकीखाली लांबलचक टेबल, टेबलावर सदानकदा प्लास्टरची पांढरी धूळ, भिंतीवरच्या फळ्यांवर जबडेच जबडे. नवखा माणूस दारातच थबके. धाकटी म्हणायची, "या, या. यातलं एकही चावत नाही." तिने लग्न केलं नाही. आईजवळच राहिली. स्थळं आली नाहीत असं नव्हतं, पण लोकांच्या तोंडात बघण्यात तरुणपण कधी निघून गेलं ते कळलंच नाही, असं ती स्वतःच सांगे आणि वर स्वतःच हसे.

झाडाचं वेड तिला उशिरा लागलं. संगणकावर घराण्याचा वंशवृक्ष मांडायचा, प्रत्येक माणसाला एक चौकट, चौकटीत जन्माचा, लग्नाचा, मरणाचा कागद. नातेवाईक आपापल्या घरून तो बघणार, भर घालणार. सगळे त्याला नुसतं 'झाड' म्हणायला लागले. धाकटीचा हात कामाचा. चिवटपणा तर धंद्यातच मुरलेला. खापरपणजोबांच्या मृत्यूचं साल चुकतंय म्हणून तिने कार्यालयांना इतकी पत्रं लिहिली, की शेवटी तिथल्या कारकुनाने उत्तरात तिच्या तब्येतीची चौकशी केली.

घरातल्या म्हाताऱ्यांशी ती वाद घालायची. कुणी म्हणालं, आमचे वडील छातीत दुखून गेले, की ही कागद काढून दाखवायची: नाही, विहिरीत पडून. कुणी दुखावलं तर म्हणायची, "माणसं खोटं बोलतात. कागद बोलत नाही." हे वाक्य तिला इतकं आवडायचं, की रेडिओने ते उचललं आणि आपलंच म्हणून सगळीकडे फिरवलं.

मग एकदा आजोबांच्या मृत्यूची नोंद मागवली, तर कार्यालयाने त्या घरच्या पत्त्यावरच्या सगळ्याच नोंदींच्या नकला पाठवून दिल्या. त्यात एक कागद होता. पुरुष. वय चार महिने. नाव: नोंदवलेले नाही. मृत्यूचे कारण: झोपेत आईच्या अंगाखाली येऊन गुदमरून. माहिती देणार: आई.

धाकटीच्या आधी घरात एक मुलगा झाला होता, हे तिला ठाऊक होतं. तापाने गेला, एवढंच. आई एका वाक्यात सांगायची आणि पुढचं वाक्य भाजीबद्दल असायचं.

⁂

आईची जुनी कवळी तेव्हा ढिली झाली होती. बोलताना टकटक वाजायची. धाकटीने नवीन करायला घेतली होती आणि चाव्याचं माप घ्यायचं म्हणून आईला त्या सकाळी खोलीत बसवलं होतं. कागद तिने आदल्या दिवसापासून खिशात बाळगला होता. दाखवू की नको, दाखवू की नको. शेवटी मेण गरम व्हायला ठेवता ठेवता तिने तो आईच्या मांडीवर ठेवला.

आईने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"काय भयंकर अक्षर होतं त्या डॉक्टरचं," ती म्हणाली.

"आई, ताप नव्हता त्याला?"

"लिहिलंय ना तिथे? मग झालं तर."

"इतकी वर्षं तू बोलली नाहीस."

"बोलायला काय, बक्षीस मिळालं होतं मला?"

धाकटीने मेणाची पट्टी उलटीसुलटी केली. ती ज्योत लहान करत बसली. आईने कागदाची घडी घातली, तिच्यावरून नख फिरवलं आणि परत दिली.

"मी आहे तोवर हे कुणाला दाखवू नकोस. आणि थोरलीला तर मी गेल्यावरही नाही."

"ताईला काय होणार आहे? ती तेव्हा एवढीशी होती. तिला आठवतसुद्धा नसेल."

"नाहीच आठवत तिला." आई हे इतक्या घाईने म्हणाली, की जुनी कवळी घसरली आणि तिला ती अंगठ्याने परत बसवावी लागली. "तिला काही म्हणजे काही आठवत नाही. म्हणूनच सांगतेय."

धाकटीने मान हलवली. आईला लाज वाटतेय, असं तिच्या मनाने घेतलं. थोरल्या लेकीपुढे मान खाली जाईल असं वाटत असेल. तिने आईच्या गालावरून हात फिरवला, जुनी कवळी काढून घेतली, मेण तोंडात बसवलं आणि म्हणाली, "आता दाबून धर."

पण आईला काहीतरी बोलायचं होतं. बिनदाताच्या तोंडात मेण असताना माणूस जसं बोलतं, तसं ती बोलली.

"मीच तिला सांगून गेले होते गं, की..."

"आई, तोंड मिट. मेण गार होतंय. चावून धर आणि अजिबात हलू नकोस."

आईने तोंड मिटलं. खुर्चीच्या दांड्यावर तिची बोटं उघडत होती, मिटत होती. धाकटी तिच्या हनुवटीखाली हात धरून उभी राहिली. मेण काढलं तेव्हा चावा सुरेख उमटला होता. आईने चूळ भरली, तोंड पुसलं.

"दात फार पांढरे नको हं करूस," ती म्हणाली. "लोक म्हणतील, म्हातारीला हौस बघा."

ते अर्धं राहिलेलं वाक्य परत कधी निघालं नाही. धाकटीनेही विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांची अशी बरीच वाक्यं अर्धी राहतात.

⁂

कागद फाडून टाकावा, असं धाकटीच्या स्वप्नातही आलं नाही. तिला तो जपायचा होता, आणि लपवायचाही होता. बाळाची वेगळी चौकट केली असती तर ते गेलेलं माणूस. चौकट पांढरी, सगळ्यांना उघडी. म्हणून तिने युक्ती केली. कागद आईच्या चौकटीत लावला. आई जिवंत, तिची चौकट करडी. आत काय आहे ते धाकटीशिवाय कुणालाच दिसणार नव्हतं. बाळ झाडावर आलंही, आणि दिसलंही नाही. तिला आपल्या डोक्याचं कौतुक वाटलं. शहाणी गं माझी ती, असं ती स्वतःलाच म्हणाली असेल तर नवल नाही.

त्यानंतर आई नव्या दातांनी खूप जेवली, खूप बोलली, आणि मग कमी कमी होत गेली. गेली तेव्हा पहाट होती. सगळं आवरलं, आलेली माणसं आपापल्या घरी गेली. थोरली राहते म्हणत होती, तिलाही धाकटीने परत पाठवलं. मग घरात तिच्या एकटीच्या चपलांचा आवाज यायला लागला. हाताला काहीतरी काम हवं होतं. कवळ्या करवेनात, कुठलाही जबडा उचलला की आईची हनुवटी आठवे. म्हणून तिने झाड उघडलं. आईची चौकट. 'ही व्यक्ती हयात आहे का?' तिने 'नाही' वर खूण केली. तारीख भरली. डोळे पुसले. आईचं नाव पांढऱ्यावर काळं, स्वच्छ उमटलं. तिला बरं वाटलं. एक काम तरी नीट झालं.

झाडाने आपलं काम केलं. घराण्यातल्या प्रत्येकाच्या फोनवर निरोप गेला: तुमच्या झाडात एक नवीन कागद दिसत आहे.

⁂

घराण्याच्या गटावर:

रेडिओ: काकूंच्या चौकटीत एक नोंद आली आहे. सर्वांनी पाहावी. अत्यंत दुःखद.

कुणीतरी: (जोडलेले हात)

कुणीतरी: (जोडलेले हात)

मोठ्या काकू, सुनेकडून लिहून घेऊन: मला तेव्हाच शंका आली होती. तापाने गेलेलं मूल असं दिसत नाही.

एक भाची, दवाखान्यात परिचारिका आहे ती: तेव्हाच्या बायका किती दमलेल्या असत, याचाही विचार करा.

रेडिओ: विचार करतोच आहोत. पण खरं ते खरं.

कुणाचा तरी जावई, जो लग्नाशिवाय कुठे दिसत नाही: आईला एवढी झोप?

थोरली: (पाहिलं. काही लिहिलं नाही.)

⁂

धाकटीने कागद काढून टाकला तोवर उशीर झाला होता. रेडिओने तो आपल्या शाखेवर उतरवून घेतला होता. तिने फोन लावला.

"दादा, काढ ते."

"अगं, पण तूच म्हणायचीस ना, कागद खोटं बोलत नाही म्हणून?"

"ते आमच्या घरातलं होतं."

"काकू आता घरातल्या कुठे राहिल्या? झाडावरच्या झाल्या. हे बघ, मी काही वाईट बोलतोय का त्यांच्याबद्दल? नोंद आहे, नोंदीसारखी ठेवलीय. गेलेल्या माणसाला कसली आलीय लाज?"

"काकांच्या, तुझ्या वडिलांच्या, चौकटीत तू 'यकृताचा विकार' लिहिलंस. बाटली नाही लिहिलीस."

रेडिओने घसा खाकरला. मग म्हणाला, "ते वेगळं," आणि फोन ठेवला.

धाकटी फोन हातात धरून उभी राहिली. विहिरीत पडून गेलेल्या त्या गृहस्थांची मुलगी तिला आठवली. तिने त्या बाईला कागद दाखवला होता. ती बाई चहा अर्धा टाकून उठली होती. तेव्हा धाकटीला वाटलं होतं, चहात साखर कमी पडली.

⁂

थोरली दुपारी आली. पुढच्या दाराने नाही, मागच्या. सरळ कामाच्या खोलीत येऊन आईच्याच खुर्चीत बसली. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात, जणू डॉक्टरकडे नंबर लावून बसलीय. रडलेली दिसत नव्हती.

"ताई, माझी चूक झाली. मी नुसती खूण केली, आणि ते आपोआप..."

"ते नाही विचारत मी. कागदावर हे कुणी लिहिलं?"

"डॉक्टरने. आईने सांगितलं तसं."

"आई खोलीत नव्हती."

धाकटीच्या हातात कापड होतं, टेबल पुसायचं. ते तिने तसंच धरलं.

"खाली नळावर होती. सकाळचं धुणं होतं," थोरली म्हणाली. ती खिडकीकडे बघत बोलत होती, सावकाश, कुणाला तरी पत्ता सांगावा तशी. "वर आम्ही दोघंच. मी त्याच्या डोक्यावरून पांघरूण घातलं. का घातलं, ते काही आठवत नाही. माझ्याच मनाने घातलं असणार. बाहुलीला घालायचे, तसं. त्याने आतून पाय हलवले. मला वाटलं, खेळतोय. मी पण वरून हात ठेवला, की शोध बरं मला. मग शांत झाला. मला वाटलं, झोपला."

"ताई..."

"मी खाली गेले. आईला म्हटलं, बाळ झोपलं. ती म्हणाली, शहाणी गं माझी ती. आणि चादर पिळायला लागली."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. थोरलीने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"पुढचंही आठवतं. ती वर आली. पांघरूण काढलं. मग बराच वेळ काहीच केलं नाही. मग त्याच्या शेजारी आडवी झाली, तशीच, ओल्या कपड्यांनी. मला म्हणाली, जा, शेजारच्या काकूंकडे खेळायला जा, आणि सांग, आई झोपलीय. मी तसंच सांगितलं. आई झोपलीय. नंतर तिचा आरडाओरडा ऐकू आला."

धाकटी स्टुलावर बसली. बसताना कोपर लागून प्लास्टरचा एक साचा खाली पडला आणि फुटला. दोघींनीही बघितलं नाही.

"आईला वाटायचं, तुला आठवत नाही."

"माहितेय मला." थोरली पहिल्यांदा धाकटीकडे वळली. "ती मला परत कधी शहाणी म्हणाली नाही. लहान होते तोवर वाटायचं, ही शिक्षा आहे. मोठी झाले तेव्हा कळलं, तिला भीती वाटत होती. तो शब्द कानावर पडला की मला सगळं आठवेल, अशी. तुला म्हणायची ना, तेव्हासुद्धा आधी मी कुठे आहे ते बघून घ्यायची."

"मग तू बोलली का नाहीस तिच्याशी? एकदा तरी?"

"कसं बोलणार? तिने एवढं सांभाळलेलं. मला आठवतंय म्हटलं असतं, तर तिचं सगळं केलेलं वाया गेलं असतं ना गं."

⁂

धाकटी उठली. वरच्या फळीवरून, घरच्या माणसांची मापं ठेवलेल्या डब्यातून, तिने एक मेणाचा नाल काढला. गुलाबी मेण आता मातकट झालं होतं. दोन हिरड्यांमध्ये मिटलेल्या तोंडाचा ठसा.

"हे काय?"

"आईचं. चाव्याचं माप. त्या दिवशी मी तिला तो कागद दाखवला होता." धाकटीने नाल पुढे धरला. "हे तोंडात असताना ती काहीतरी सांगत होती. तुझ्याबद्दल. म्हणाली, मीच तिला सांगून गेले होते, की..."

थोरली थांबली. सगळीच थांबली, पर्सवरची बोटंसुद्धा.

"की काय?"

"मी तिला तोंड मिटायला सांगितलं."

थोरलीने मेणाचा नाल हातात घेतला. फिरवून बघितला. जिथे आईच्या हिरड्या रुतल्या होत्या तिथे तिने अंगठा ठेवला. धाकटीला वाटलं, ती आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काय सांगून गेली असेल?" थोरली शेवटी म्हणाली. "त्याच्याकडे लक्ष ठेव, म्हणाली असेल."

"असेल."

"म्हणजे मी ठेवलं नाही."

याला असणारं एकच उत्तर धाकटीने स्वतःच्या हाताने, हनुवटीखाली तळवा धरून बंद केलं होतं.

⁂

"यंत्र लाव तुझं," थोरली म्हणाली. "त्याखाली लिहिता येतं ना?"

"आपण नको लिहूया, ताई. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील."

"आईला एवढी झोप, असं लिहिलंय त्या जावयाने. अगं, ती माझ्या आठवणीत कधी गाढ झोपली नाही. कूस बदलली तरी विचारायची, काय झालं गं? उभ्या जन्मात जी बाई झोपली नाही, तिला हे?"

"तुझी लेक आहे झाडावर." धाकटीचा आवाज चढला. "तिचं बाळंतपण तोंडावर आलंय. बाळ तुझ्याकडे ठेवून कामावर जायचं म्हणतेय ती. हे वाचल्यावर ठेवेल?"

थोरलीने डोळे मिटून घेतले. हा विचार ती वाटेतच करून आली होती, हे धाकटीला दिसलं.

"नाही ठेवलं तर नाही," ती म्हणाली. "मी तसंही बाळाला एकटी कधी सांभाळणार नव्हते. काहीतरी निमित्त काढणारच होते. गुडघे दुखतात, सांगणार होते."

रेडिओच्या शाखेवर कागद होता. त्याच्याखाली भर घालायची रिकामी जागा. धाकटीने थोरलीचं खातं उघडलं आणि खुर्ची सरकवून दिली. थोरलीने एका बोटाने लिहायला सुरुवात केली. प्रत्येक अक्षर शोधायची, सापडलं की दाबायची, वर बघायची. आई त्या वेळी खोलीत नव्हती. मी होते. मी पाच वर्षांची होते.

मग शेवटचं वाक्य तिने एकेक अक्षर करून पुसलं.

"ते राहू दे ना," धाकटी म्हणाली. "ताई, तेवढं तरी राहू दे."

"नको. सबब वाटते. आईने दिली होती का कुठली सबब?"

तिने कळ दाबली. पडद्यावर उमटलं:

हयात व्यक्ती: आई त्या वेळी खोलीत नव्हती. मी होते.

थोरली पुढे वाकली. चष्मा वर-खाली केला.

"माझं नाव कुठाय?"

"नाही येत. तू जिवंत आहेस म्हणून."

"म्हणजे कुणालाच कळणार नाही, कोण ते?"

"ज्याला हिशेब करायचा तो करेल. पण नाव दिसणार नाही."

"आणि मी गेल्यावर?"

"कुणीतरी खूण करेल. मग दिसेल."

"कुणीतरी म्हणजे तूच."

धाकटीने मान वर केली नाही. थोरलीने तिच्या केसांत अडकलेला प्लास्टरचा कण बोटाने काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि फुंकून टाकला. लहानपणी ती धाकटीच्या उवा अशाच काढायची. बोलायची नाही, नुसती काढत बसायची.

फोन वाजला. रेडिओ. वाजता वाजता टेबलावर सरकत सरकत मेणाच्या नालापाशी येऊन थांबला.

"मी सांगते, मला माहीत नाही म्हणून," धाकटी फोन हातात घेऊन घाईघाईने म्हणाली. "झाडावर इतकेजण आहेत हयात. कुणीही लिहिलं असेल. ताई, मी सांगते ना."

थोरलीने हात पुढे केला.

"दे इकडे."

"ताई."

"दे गं." तिने फोन कानाला लावला. दुसऱ्या हाताने ते मेण उचलून घेतलं. "हां रे. मी बोलतेय. बसलायस का? बस जरा."

⁂

त्या सकाळी धुण्याची बादली उचलता उचलता आई थोरलीला म्हणाली होती, खिडकीतून गार वारं येतंय, त्याच्या डोक्यावरून नीट पांघरूण घाल.